घार

मुलांनो, दुपारी मैदानात उभे राहून वर पाहा. एक मोठा तपकिरी पक्षी पंख न हलवता गोल गोल फिरताना दिसेल. ती घार. उर्दूत आपण तिला 'चील' म्हणतो. वाचताना मात्र सांभाळा हं! 'घर' आणि 'घार' यांत एका कान्याचाच फरक आहे.

पंख न हलवता घार वर कशी राहते? उन्हाने जमीन तापते. जमिनीजवळची हवा गरम व हलकी होऊन वर चढते. घार त्या हवेत पंख पसरते आणि हवाच तिला उचलून नेते. म्हणून सकाळी ती बहुधा झाडावर बसलेली असते. ऊन चढले, की तीही वर चढते. वळताना ती शेपटी तिरपी करते. ही शेपटी टोकाशी दुभंगलेली असते. याच खुणेवरून तिला ओळखा.

घार उंदीर, सरडे, किडे खाते. मेलेली जनावरे आणि मटण बाजारातले टाकाऊ तुकडेही तिला चालतात. कधी ती माणसाच्या हातातला खाऊ पळवते. लोक तिला चोर म्हणतात; पण ती शहराची केवढी घाण साफ करते! जुन्या दिल्लीत काही लोक सदका म्हणून घारींना मांस टाकतात.

उंच झाडावर काटक्या, तारा, चिंध्या जमवून ती घरटे बांधते. मादी दोन-तीन अंडी घालते. सुमारे एक महिन्याने पिल्ले बाहेर येतात. अशा वेळी झाडाजवळ जाऊ नका. घार डोक्यावर झेप घेते!

आपल्याकडे घारीचा घरटी बांधण्याचा काळ आणि संक्रांतीच्या पतंगांचा काळ जवळजवळ एकच. काचेची पूड लावलेला मांजा तिला दिसत नाही. तो तिचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉनच्या व इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो.

दिल्लीचे नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ लहानपणापासून घारी पाहत आले. एकदा त्यांनी एक जखमी घार पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली. ती मांसाहारी आहे, म्हणून तेथे उपचार झाले नाहीत. मग दोघे स्वतःच जखमा शिवायला शिकले. घराच्या तळघरात त्यांनी काम सुरू केले. आजवर हजारो पक्ष्यांवर त्यांनी उपचार केले आहेत. बऱ्या झालेल्या घारी गच्चीवरून पुन्हा आकाशात जातात.