जंगलाचा पैसा आणि गावाचा वाटा

जालन्यात राहून जंगलावर लेख लिहायचा म्हणजे कुणालाही आधी हसूच येईल. जुन्या जालन्यातून कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात गेलो तर दिसते काय? बाजारपेठ, बियाण्यांची गोदामे आणि पुढे एमआयडीसीत स्टीलच्या भट्ट्या. जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रात वनाचे प्रमाण दोन टक्केसुद्धा भरत नाही. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणातले 33 टक्क्यांचे उद्दिष्ट कुठे आणि आपण कुठे!

पण एकदा नकाशा समोर घ्या. आपल्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्या पश्चिमेकडे कन्नड-चाळीसगाव भागात गौताळा औट्रमघाट अभयारण्य (स्थापना 1986, सुमारे 260 चौ.कि.मी.) आणि पूर्वेकडे बुलडाण्याजवळ ज्ञानगंगा अभयारण्य (स्थापना 1997, सुमारे 205 चौ.कि.मी.). आपले भोकरदन आणि जाफ्राबाद तालुके या दोघांच्या मधल्या पट्ट्याला लागून आहेत. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातले जिल्हेच्या जिल्हे पायी तुडवत डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. तोवर त्याचे 1300 कि.मी. पेक्षा जास्त चालणे झाले होते. पुढे मार्च 2021 मध्ये गौताळ्यातही कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. म्हणजे वाघाला जायला रस्ता आहे. फक्त तो रस्ता सलग जंगलातून नाही, तर शेतातून, नाल्यातून आणि गायरानातून जातो.

आता प्रश्न असा, की हा रस्ता राखायचा कुणी आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा? सरकार पैसे देते हे सगळ्यांना माहीत असते. पण ते कुठून येतात, कुठे जातात आणि त्यात गावाचा वाटा किती, हे फारसे कुणी विचारत नाही. या लेखात तेवढेच समजून घेऊ.

पैसा येतो कुठून?

ढोबळमानाने चार वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे केंद्र आणि राज्याचे बजेट. व्याघ्र प्रकल्प 1973 मध्ये देशात नऊ ठिकाणी सुरू झाला, त्यात आपले मेळघाट होते. या योजनेत एकदाच होणाऱ्या कामांचा खर्च केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के उचलते. दरवर्षी होणाऱ्या कामांचा खर्च निम्मा-निम्मा असतो.

दुसरी वाट इंजिनीअरांशी थेट संबंध असलेली आहे. रस्ता, धरण, खाण किंवा वीजवाहिनी यांसाठी वनजमीन घेतली, की घेणाऱ्याला भरपाई भरावी लागते. या पैशांसाठी 2016 साली प्रतिपूरक वनीकरण निधी कायदा झाला. त्यातले 90 टक्के राज्याला आणि 10 टक्के केंद्राला मिळतात. वर्षानुवर्षे साठून पडलेली ही रक्कम ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांना वाटली गेली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 3844 कोटी रुपये आले. उद्या आपल्यापैकी कुणी एखाद्या रस्त्याचे एस्टिमेट करील, तेव्हा त्यातली एक ओळ या निधीत जाणार आहे. ध्यानात असू द्या.

तिसरी वाट पर्यटनाची. 2006 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करायची तरतूद आली. त्यामुळे गेटवरचे तिकिटाचे पैसे सरकारी तिजोरीत न जाता त्याच जंगलासाठी आणि आजूबाजूच्या गावांसाठी वापरता येतात.

चौथी वाट नुकसानभरपाईची. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार वारसांना 25 लाख रुपये देते. 2023 मध्ये ही रक्कम इतकी वाढवली गेली. गुरे मारली गेली किंवा पीक खाल्ले, तरी पंचनाम्यानंतर भरपाई मिळते. ती मिळायलाच हवी. पण नुकसान झाल्यावर हातात पडणाऱ्या पैशांना भागीदारी म्हणता येणार नाही.

गावापर्यंत कसा पोचतो?

जंगल सरकारचे, त्याचा राखणदार सरकारचा आणि लाकूड तोडणारा गावकरी म्हणजे चोर, अशी इंग्रजांच्या काळापासूनची मांडणी. ती सैल झाली 1 जून 1990 च्या केंद्राच्या परिपत्रकाने. त्यात म्हटले, की जंगल राखण्यात गावाला सोबत घ्या आणि उत्पन्नात वाटा द्या. महाराष्ट्राने 16 मार्च 1992 रोजी तसा शासन निर्णय काढला आणि 2003 मध्ये तो सुधारून घेतला. त्यातून गावोगावी संयुक्त वन व्यवस्थापन समित्या झाल्या. गावचा माणूस अध्यक्ष, वन खात्याचा कर्मचारी सचिव आणि दोघांच्या सहीने चालणारे बँक खाते, अशी साधारण रचना. अभयारण्याच्या भागात अशाच समितीला ग्राम परिस्थितिकीय विकास समिती म्हणतात.

2015 मध्ये राज्याने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. सुरुवातीला ती व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातल्या गावांसाठी होती. नंतर अभयारण्यांलगतची गावेही तिच्यात आली. गॅस जोडणी, शौचालय, शेताला कुंपण, जोडधंदा अशा गोष्टींना अनुदान देऊन जंगलावरचा भार कमी करायचा, हा तिचा हेतू. सरपणासाठी बाई जंगलात गेली नाही, तर लाकूडही वाचते आणि तिचा जीवही.

कागदावर सगळे छान आहे. मग काही गावांत काम उभे राहते आणि काही गावांत नुसता बोर्ड उभा राहतो, असे का होते?

मेसचे उदाहरण

हे समजायला आपली होस्टेलची मेसच घ्या ना. ठेकेदाराची मेस असली की भाजीत तेल किती, डाळ किती, याची चौकशी कुणी करत नाही. नुसती कुरकुर चालते. ताटात टाकलेल्या अन्नाचेही कुणाला काही वाटत नाही. पण तीच मेस मुलांनी चालवायला घेतली, दर महिन्याला मेस सेक्रेटरी बदलला आणि महिनाअखेरीस हिशेब नोटीस बोर्डावर लागला, की हीच मुले "गॅसची टाकी आठ दिवस आधी कशी संपली?" म्हणून भांडायला लागतात. पैसे दोन्हीकडे तेवढेच असतात. फरक एवढाच, की दुसऱ्या मेसमध्ये ठरवणारे, मोजणारे आणि जेवणारे एकच असतात.

जंगलाचेही तसेच आहे. ज्या गावाला काय करायचे ते ठरवता येते, हिशेब बघता येतो आणि फायद्यातला वाटा मिळतो, ते गाव भागीदार. यातले एक जरी नसेल तर ते गाव फक्त लाभार्थी. सरकारी कागदात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात म्हणून ते एकच आहेत असे समजू नका.

चार उदाहरणे

पहिले, सोलापूरचे. माळढोक वाचवायला 1979 साली नान्नजचे अभयारण्य झाले. क्षेत्र किती? तर 8496 चौ.कि.मी.! म्हणजे आपल्या अख्ख्या जालना जिल्ह्यापेक्षा मोठे. त्यातली बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आले, पण त्या बदल्यात पक्षी राखण्यात शेतकऱ्याला वाटा काही मिळाला नाही. त्यामुळे माळढोक म्हणजे आपल्या जमिनीवरची जप्ती, अशी लोकांची समजूत झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन शेवटी क्षेत्र सुमारे 1222 चौ.कि.मी. वर आणावे लागले. आणि माळढोक? तो तिथून जवळजवळ नाहीसाच झाला. त्याला इतर कारणेही आहेत. पण ज्याच्या रानात पक्षी अंडे घालतो तोच विरोधात गेला, तर चौकीदार किती पुरे पडणार?

दुसरे, बारीपाड्याचे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला हा आदिवासी पाडा. 1990 नंतरच्या वर्षांत गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे 445 हेक्टर उजाड जंगल राखायला घेतले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि दंडाचे नियम गावानेच ठरवले आणि राखणीच्या पाळ्या लावल्या. वन खात्याची साथ व समितीची मान्यता मिळाली आणि योजनांचा पैसा आला, पण तो आधीच उभ्या राहिलेल्या कामाला. जंगल परतले, विहिरींना पाणी आले, प्राणी-पक्षी आले. 2025 मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली.

तिसरे, ताडोब्याचे. 625 चौ.कि.मी. च्या गाभ्याभोवती 2010 मध्ये सुमारे 1100 चौ.कि.मी. चे बफर क्षेत्र जाहीर झाले. त्यात कितीतरी गावे. पर्यटनाच्या उत्पन्नातला हिस्सा गावांसाठी वापरला जातो. गाईड आणि जिप्सी चालवणारे स्थानिकच असतात, आणि आता तर मुलीही गाईड आहेत. तरीही वाघाच्या हल्ल्यात माणसे जाण्याचे दुःख या भागाला चुकलेले नाही. म्हणून ताडोबात सगळे आलबेल आहे असे म्हणता येत नाही. मात्र वाघ जगला तर आपल्या घरात पगार येतो, हे तिथल्या तरुणाला कुणी शिकवावे लागत नाही.

चौथे, कोकणाचे. खाडीकाठच्या खारफुटीसाठी राज्याने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष केला आणि 2017 मध्ये उपजीविकेची योजना काढली. खेकडापालन, शोभिवंत मासे असे उद्योग गटाने केले तर 90 टक्के आणि एकट्याने केले तर 75 टक्के अनुदान. उरलेले 10 किंवा 25 टक्के ज्याचे त्याने घालायचे. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. खिशातले दहा रुपये गेले की माणूस उरलेल्या नव्वदांवरही लक्ष ठेवतो. पुन्हा खेकडा जगतो तो खारफुटीच्या आसऱ्यावर, त्यामुळे झाड तोडणे म्हणजे स्वतःच्याच धंद्यावर कुऱ्हाड मारणे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे ताडोबासारखे गेट नाही आणि खाडीही नाही. आहेत ती वनखात्याची तुटक-तुटक राने, गायराने आणि त्यांच्या भोवतीची शेती. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी शेती आहे. हरणांचा कळप किंवा रोही तुरीत शिरले, रानडुकरांनी मका लोळवला, म्हणजे काय होते ते त्यांना सांगायला नको. रात्रभर जागून सकाळी पंचनाम्यासाठी चकरा मारणाऱ्या माणसाला "वन्यजीव सप्ताह साजरा करा" म्हणणे हा जखमेवर मीठ चोळण्याचाच प्रकार. भरपाई उशिरा आली, की काही ठिकाणी कुंपणात चोरून वीज सोडली जाते. त्यात प्राणी मरतो, आणि कधी कधी शेजारचा माणूसही. म्हणून हा प्रश्न फक्त निसर्गप्रेमींचा नाही.

अशा जिल्ह्याला मोठ्या रकमेपेक्षा छोट्या, नेमक्या आणि दरवर्षी येणाऱ्या पैशाची गरज आहे. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा, उन्हाळ्यात पाणवठा, रीतसर बनवलेले सौर कुंपण आणि त्याची देखभाल, एवढी साधी कामे. यातली मेख 'देखभाल' या शब्दात आहे. पाणवठा बांधायला पैसे मंजूर होतात, त्यात पाणी टाकायला होत नाहीत. सौर कुंपण बसते, पण दोन वर्षांनी बॅटरी उतरली की ती कुणाच्या खात्यातून बदलायची ते ठरलेले नसते. गावाची समिती जिवंत असली तर वर्गणी काढून का होईना, ती बॅटरी बदलते. समिती कागदावरच असली तर त्या तारांवर कपडे वाळत घातले जातात!

आपण काय करू शकतो?

1) आपल्या गावात वन समिती आहे का ते सुट्टीत विचारा. असल्यास ग्रामसभेत तिचा हिशेब मागा. 2005 चा माहितीचा अधिकार कायदा त्यासाठीच आहे.

2) शासन निर्णय वाचायला शिका. ते मराठीत आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. भाषा जड असते, पण सर्किट थिअरीपेक्षा नक्कीच सोपी!

3) फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी तेच तेच विषय घेण्यापेक्षा एखाद्या गावचे सौर कुंपण, पाणवठ्याचा पंप किंवा विहिरीच्या कठड्याचे स्वस्त डिझाईन घ्या. सोबत पाच वर्षांच्या देखभालीचा खर्चही काढून द्या. समितीला प्रस्ताव करताना नेमका तोच आकडा मिळत नाही.

4) एनएसएसच्या शिबिरात नुसते खड्डे खणून झाडे लावू नका. मागच्या वर्षीची किती जगली ते मोजून गावच्या फळ्यावर लिहा.

आपल्या शास्त्रात कुठलेही काम मोजमाप पुस्तिकेत नोंदल्याशिवाय त्याचे बिल निघत नाही. जंगलाच्या कामाची ती नोंद ज्या दिवशी गावाला वाचता येईल आणि तिच्याखाली सही करण्याआधी गाव प्रश्न विचारील, त्या दिवशी सरकारचा पैसा गावाचा होईल. टिपेश्वरहून निघालेला एखादा वाघ आपल्या शिवारातून पुन्हा जाईल. तेव्हा गाव काठ्या घेऊन धावणार, की वन खात्याला फोन करून गुरे आत बांधणार, हे बऱ्याच अंशी त्या हिशेबावर ठरेल.