खानेसुमारीचा पाठ : खरें सांगावें, पैसा देऊं नये

वाचन : लूक २:१-५, ३:१२-१३



कैसर औगुस्ताची आज्ञा झाली तेव्हां योसेफ व मरीया नांवनिशी करण्यासाठीं बेथलेहेमास गेलीं, ही गोष्ट आपण दर नाताळांत ऐकतों. त्याच शुभवर्तमानाच्या पुढील अध्यायांत जकातदार योहानाकडे येतात, आणि नेमलेल्या रकमेवर एक दिडकीही उपटूं नये अशी तो त्यांस ताकीद देतो. या दोन गोष्टी शेजारीं ठेवून वाचाव्या. सरकारची आज्ञा खरी असते. परंतु तिच्या आडून आपली थैली भरणारा मनुष्यही गांवांत शिरतो. पहिल्यास उत्तर द्यावें व दुसऱ्यास ओळखावें, हा आजचा पाठ आहे.

१. खानेसुमारी कशासाठीं?

आपल्या देशांत पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली व १८८१ पासून ती दर दहा वर्षांनीं होत आली. २०११ सालीं सुमारें १२१ कोटी माणसें मोजलीं गेलीं. २०२१ ची गणना कोविडच्या साथीमुळें राहिली. तिच्या जागीं होणाऱ्या २०२७ च्या गणनेचे सरकारनें दोन भाग ठरविले : एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळांत घरांची यादी, व फेब्रुवारी २०२७ मध्यें माणसांची मोजणी. बर्फाळ मुलखांसाठीं मात्र वेगळा काळ नेमला आहे.

मोजलें न गेल्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें किती लोकांस स्वस्त धान्य द्यावें, हा हिशेब २०११ च्या आंकड्यांवरून करण्यांत आला. त्यानंतर जन्मलेलीं लेंकरें त्या आंकड्यांत नाहींतच. जें गांव अपुरें मोजलें जातें, त्याची गरजही अपुरीच दिसते. म्हणून तान्हें मूल, आंधळी आजी, ऊसतोडीस गेलेला मुलगा, यांपैकीं कोणाविषयींही विचारलें असतां सर्व हकीकत सांगावी. कोणास कोठें मोजावें हें प्रगणक नियमाप्रमाणें ठरवील.

२. भीति व तिचें उत्तर

आपल्या मंडळ्यांत या कामाविषयीं भीति आहे, हें लपवून उपयोग नाहीं. "धर्म ख्रिस्ती असें सांगितलें तर तें कोणाकोणाच्या हातीं जाईल?" असा प्रश्न लोक हळू आवाजांत विचारितात. याचें उत्तर १९४८ च्या खानेसुमारीच्या कायद्यांत आहे. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें घराघरांतून लिहून घेतलेली माहिती कोणासही पाहावयास मागतां येत नाहीं, व त्या कायद्याखालील गुन्ह्यांखेरीज ती न्यायालयांत पुरावा म्हणून चालत नाहीं. ती फोडणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची व तुरुंगाचीही शिक्षा सांगितली आहे. धर्माच्या रकान्यांत, आपण जें सांगूं तेंच लिहिणें हें प्रगणकाचें कर्तव्य आहे. त्यानें वाद घालूं नये व आपणही भिऊन दुसरें सांगूं नये.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें ठरतात. त्यांत हिंदूंखेरीज शिखांचा १९५६ सालीं व बौद्धांचा १९९० सालीं समावेश झाला; ख्रिस्ती लोकांचा त्यांत समावेश नाहीं. हा अन्याय आहे असें पुष्कळांस वाटतें, व तो उघडपणें मांडण्याचा सर्वांस हक्क आहे. परंतु याच दुःखावर कोणी दलाल आपला धंदा मांडील. तो म्हणेल, "पांचशें रुपये द्या, कागदावर तुम्हांला हवें तसें लिहवून घेतों, सवलत वांचेल." बंधूंनो, जो कागद कोणास दाखवितां येत नाहीं, त्याच्या बळावर सवलत कशी मिळेल, आणि त्याच्यामुळें ती जाईल तरी कशी? रेशनकार्ड व जातीचा दाखला हीं वेगळ्या कचेऱ्यांचीं कामें आहेत. दलालास पैसेही जातात आणि खोटें बोलल्याचा दोषही आपल्याच माथीं राहतो.

३. खोटा मनुष्य कसा ओळखावा?

खरा प्रगणक बहुधा शाळेचा शिक्षक किंवा सरकारी नोकर असतो. त्याच्याजवळ ओळखपत्र असतें; तें मागून पाहण्यांत उद्धटपणा नाहीं. या वेळीं तो कागदाऐवजीं स्वतःच्या मोबाइलवर माहिती भरतो, याचें नवल वाटूं देऊं नये. घरावर त्यानें घातलेला क्रमांक पुसूं नये. घर, पाणी, चूल, माणसें, वय, शिक्षण व धंदा यांविषयीं तो विचारील. मोबाइलचा क्रमांकही विचारील.

परंतु पुढील गोष्टी तो कधींही मागत नाहीं : पैसा, बँकेच्या खात्याचा क्रमांक, एटीएमचा गुप्त अंक, फोनवर आलेला ओटीपी, किंवा आपला फोन हातांत घेण्याची परवानगी. यांपैकीं एक जरी मागितलें तरी तो मनुष्य खोटा समजावा.

समजा, कोणी तरुण दारीं येऊन म्हणतो, "आजी, नांव पक्कें करायला दोनशें रुपये भरा, नाहीं तर आतांच दंड करतों." तेव्हां आजीनें म्हणावें, "बाळा, ओळखपत्र दाखीव. माझ्या घरांत किती माणसें तें सांगतें. पैसा मात्र मिळणार नाहीं." उत्तर नाकारल्यास कायद्यांत हजार रुपयांपर्यंत दंड आहे खरा, पण तो न्यायालय करितें, उंबरठ्यावर उभा असलेला मनुष्य करीत नाहीं. जी वृद्ध स्त्री रूढीमुळें पतीचें नांव घेत नाहीं, तिनें तें उच्चारलेंच पाहिजे असाही कायदा नाहीं. ८ व्या कलमांत तशी मोकळीक दिली आहे.

४. उपदेशकांस दोन शब्द

२०२७ च्या गणनेंत सरकारी संकेतस्थळावर आपली माहिती आपणच भरण्याची सोय ठेविली आहे. त्यासाठीं ओटीपी घरच्या मनुष्याच्या फोनवर येतो. तो त्यानें स्वतः त्या पानावर भरावा, कोणास सांगूं नये. शेवटीं मिळणारा क्रमांक जपून ठेवून प्रगणकास दाखवावा. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावर बोट लावूं नये.

ज्यांस वाचतां येत नाहीं ते ही माहिती भरण्यासाठीं तुम्हांकडे येतील. मदत अवश्य करावी. परंतु त्यांच्या घरीं, त्यांच्या फोनवर व घरच्यांच्या देखत. मंडळीची माहिती आपल्या वहींत उतरून ठेवूं नये व चहापुरतेही पैसे घेऊं नयेत. विश्वासानें येणाऱ्याचा फोन हातीं येणें ही मोठी कसोटी आहे.

एवढें करूनही कोणी फसला तर त्यास हंसूं नये. लाजेनें तो गप्प बसतो आणि तोंपर्यंत पैसे दूर जातात. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेस कळवावें व पोलिसांत वर्दी द्यावी. घटका गेली म्हणजे पैसे परत मिळणें कठीण होतें.

भ्यालेल्या मनुष्याकडून खोटेंही वदवितां येतें व पैसाही काढतां येतो. कायदा ठाऊक असलेला मनुष्य सहसा भीत नाहीं. तेव्हां प्रगणक आला म्हणजे दार उघडावें, सतरंजी घालावी, पाणी द्यावें व खरें सांगावें.

वर्गासाठीं प्रश्न

१. योहानानें जकातदारांस दिलेली ताकीद आज कोणास लागू पडते?
२. गणनेच्या कागदानें सवलत मिळत नाहीं व जातही नाहीं, असें कां म्हटलें?
३. खरा प्रगणक कधींही मागत नाहीं अशा पांच गोष्टी सांगा.
४. तुमच्या वाडींत मोजणींतून राहून जाईल असें कोण आहे? त्याच्या घरीं हा पाठ कोण वाचून दाखवील?