रडत नाही म्हणून गुणी?

आधी लातूर जिल्ह्यातलं एक उपकेंद्र आणि मग नांदेडकडची गावं, अशी माझी नर्सबाईची नोकरी झाली. बाळंतिणीच्या खोलीत शिकलेल्या या गोष्टी आठवतील तशा सांगते.

१. "लई गुणी हाय, रडतच न्हाई बघा," असं आजी कौतुकानं म्हणाली की माझ्या पोटात गोळा येतो. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ते तापानं फणफणतं, कण्हतं. आठ दिवसांच्या लेकरात तेवढी ताकद नसते. ते गप्प होतं, दूध ओढायचं सोडतं, अंग ढिलं टाकतं. कित्येकदा ताप येतच नाही, उलट हाताला पोटसुद्धा गार लागतं. एका घरी मीच "झोपलंय, उद्या येते" म्हणून परत फिरले होते. संध्याकाळी निरोप आला. तेव्हापासून झोपलेलं लेकरू उठवते, आईच्या छातीशी लावते, चोखतं का बघते आणि मगच उंबरा ओलांडते. सासवा चिडतात. चिडू देत.

२. श्वास मोजायचा तो घड्याळ लावून, पूर्ण मिनिटभर, लेकरू शांत असताना. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. पुन्हा तेवढेच आले किंवा छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला तर दवाखान्यात निघायचं. हे काम डॉक्टरच करू शकतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत साध्या बायकांना हे शिकवलं. त्या वजन करायच्या, श्वास मोजायच्या आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायच्या. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि १९९९मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११पासून देशभर आशाताई घरी येतात त्या याच वाटेनं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या येतात. तेव्हा त्यांना चहा पाजून वाटेला लावू नका, लेकराचं दुपटं सोडून दाखवा.

३. नाळेला काही लावू नका. तेल, हळद, राख, शेण, काहीच नको. जुन्या बायका पाचवी-सहावीच्या रात्री जागायच्या, सटवाईला भ्यायच्या. नाळेतून शिरलेला धनुर्वात साधारण त्याच दिवसांत दिसायचा, त्यामुळं ती भीती मला कधी खुळी वाटली नाही. आईला टोचलेली लस आणि स्वच्छ पातं यांच्या जोरावर २०१५मध्ये भारत नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनापर्यंत पोचला. पाचवी खुशाल पुजा, नाळ कोरडी ठेवा.

४. "हात धुवा" म्हणणं सोपं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात हे दोन शब्द उच्चारायची मला लाज वाटायची. मग एक युक्ती केली. बाळंतिणीच्या दाराशी झाकलेली कळशी, तांब्या आणि साबणाची वडी वेगळी ठेवायला सांगितली. एकीनं वरून धार धरायची, दुसरीनं धुवायचं. कळशीत हात बुडवायचा नाही. एका तांब्यात दोघींचं भागतं. बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी मात्र लांबूनच बघावं, पापे घेऊ नयेत.

५. म्हशीच्या चिकाच्या खरवसासाठी घरात भांडणं होतात आणि आईचा चीक "जड पडतो" म्हणून पिळून टाकतात! लेकराची पहिली लसच ती. तासाभरात पाजा. मध, घुटी, साखरपाणी नको.

६. जन्मलेल्या लेकराची छाती कधी कधी सुजते. मालिशवाली ती पिळते आणि पू होतो. आपोआप बसते, हात लावू देऊ नका.

७. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली निम्मी तान्ही लेकरं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. खाटा, औषधं, माणसं यांचा हिशेब सरकारनंच द्यायचा, तो बाळंतिणीच्या गळ्यात घालू नये. माझ्या हाती होते ते घरातले तास. "आज अमावस्या, उद्या बघू" यात गेलेले. १०२ची गाडी आणि सरकारी दवाखान्यातले उपचार लेकराला फुकट आहेत. गाडीत त्याला मांडीवर आडवं नेऊ नका. डोक्याला टोपरं घाला, आईच्या उघड्या छातीशी उभं लावा, नाक मोकळं ठेवून वरून लुगड्यानं बांधा आणि चोखत असेल तर वाटेत पाजत राहा.