केडलस्टनचा प्रासाद आणि हलविलेला रस्ता

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील केडलस्टन येथे कर्झन घराण्याची जमीनदारी बाराव्या शतकापासून चालत आली. तेथील विद्यमान प्रासादाचे बांधकाम सर नॅथॅनिएल कर्झन यांनी १७५९ मध्ये सुरू केले. मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, जेम्स पेन व रॉबर्ट ॲडम या तीन वास्तुविशारदांचा त्यात सहभाग होता. अलाबास्टर दगडाच्या २० स्तंभांचे भव्य दालन आणि उद्यानातील तीन कमानींचा पूल यांची वर्णने वास्तुकलेच्या ग्रंथांत आढळतात. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रासादापेक्षा त्याच्या भोवतालाकडे अधिक बारकाईने पाहावे.

आज जेथे विस्तीर्ण हिरवळ दिसते तेथे पूर्वी गाव होते आणि जवळून 'टर्नपाइक', म्हणजे पथकराचा रस्ता जात असे. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली विश्वस्त मंडळे अशा रस्त्यांवर पथकर वसूल करीत व त्यातून दुरुस्ती होत असे. प्रासादासमोरील दृश्य अबाधित राहावे म्हणून १७६० च्या सुमारास गाव व रस्ता दोन्ही दूर हलविण्यात आले. सार्वजनिक मार्ग हलविण्यास कायद्याची अनुमती लागे हे खरे. पण जमीनदार वर्गच संसदेत बसत होता. स्वतः नॅथॅनिएल १७५४ ते १७६१ या काळात डर्बीशायरचे प्रतिनिधी होते! मागे उरले ते मध्ययुगीन चर्च. प्रासादाला अगदी खेटून, गावाविना उभे असलेले हे चर्च हाच हरवलेल्या वस्तीचा ठळक पुरावा होय. असा प्रकार इतरत्रही घडला. डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

भारताशी या वास्तूचा संबंध दुहेरी आहे. कोलकात्याचे गव्हर्नमेंट हाउस (१७९९-१८०३) केडलस्टनच्या आराखड्यावरून बांधले गेले. पुढे याच प्रासादात १८५९ मध्ये जन्मलेले लॉर्ड कर्झन भारताचे व्हाइसरॉय झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा संमत झाला. केडलस्टनची वास्तू १९८७ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

वास्तूंच्या संरक्षणाचा विचार प्रथम झाला. वाटांचा मात्र फार उशिरा. इंग्लंड व वेल्समध्ये सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची तरतूद १९४९ च्या कायद्याने केली. कायदेशीर रीतीने बंद न केलेला सार्वजनिक मार्ग वापराअभावी नाहीसा होत नाही, हे तेथील जुने तत्त्व आहे.

भारतात १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवतीचे किमान १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील किमान २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरले. ही तरतूद स्मारकाच्या परिसरापुरती आहे. हरियाणातील अनेक कोस मिनार संरक्षित आहेत. ज्या मोगलकालीन मार्गावर ते उभारले गेले, तो मार्ग मात्र अनेक ठिकाणी शेतांत लुप्त झाला आहे.