अध्यापनासाठी झेरॉक्स प्रती : कायदा कोठपर्यंत सोबत येतो?

या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा विषय शोधायला मला दूर जावे लागले नाही. आपल्या पुस्तकपेढीच्या एका बैठकीत अशी सूचना आली होती की, मराठी व्याकरणाचे एक चांगले पुस्तक हैदराबादेत मिळत नाही, तेव्हा त्याची एक प्रत मागवून तिच्या चाळीस झेरॉक्स काढाव्यात आणि त्या बांधून मुलांना मोफत वाटाव्यात. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. मी हरकत घेतली, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "मास्तर, गरीब मुलांना शिकवणे हा गुन्हा केव्हापासून झाला?" प्रश्न रास्त होता. त्याचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते येथे देतो.

पुस्तकाच्या आरंभी 'सर्व हक्क सुरक्षित' असे छापलेले असते. ते वाचून काही शिक्षक एका पानाचीही प्रत काढायला भितात, तर काही जण ते वाचीतच नाहीत. माझ्या मते दोघेही चुकतात. आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. पुस्तकाच्या प्रती काढण्याचा हक्क त्याने ग्रंथकाराला, किंवा ग्रंथकाराने तो ज्याच्या हवाली केला असेल त्याला, दिला आहे. परंतु त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात, कोणत्या कृतींनी या हक्काचा भंग होत नाही, याची लांबलचक यादी आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात काढलेली प्रत त्या यादीत आहे. परीक्षेच्या प्रश्नांत घातलेला उताराही आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी केलेल्या रास्त उपयोगाची सोय निराळी.

आता 'अध्यापनाच्या ओघात' म्हणजे कोठपर्यंत? तास सुरू असतानाच, की आधी आणि नंतरही? एक उतारा, की पूर्ण प्रकरण? याचा खल दिल्लीच्या एका खटल्यात झाला, आणि तो प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक लहानसे दुकान होते. प्राध्यापक निरनिराळ्या ग्रंथांतली प्रकरणे वाचनासाठी नेमून देत. दुकानदार त्यांच्या झेरॉक्स काढून संच बांधी व पानामागे काही पैसे आकारून ते विद्यार्थ्यांना देई. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या मातब्बर प्रकाशनसंस्थांनी या दुकानावर व दिल्ली विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुकानाला तात्पुरती मनाई झाली. विद्यार्थ्यांच्या व प्राध्यापकांच्या संघटना दाव्यात सामील झाल्या. गंमत अशी की, ज्यांच्या ग्रंथांसाठी हा खटाटोप चालला होता त्यांपैकी काही लेखकांनीच प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. अपिलात, ९ डिसेंबर २०१६ रोजी, न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग व योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने कायद्याचा अर्थ अधिक नीट उलगडला. अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान नव्हे; सत्र सुरू झाल्यापासून शिकवण्याची जी प्रक्रिया चालते ती सारी त्यात येते. प्रत काढणारे यंत्र शिक्षकाचे स्वतःचे असले पाहिजे असेही नाही. किती पाने घ्यावीत याची टक्केवारी कायद्यात नाही. शिकवण्याच्या प्रयोजनाला जेवढे लागते तेवढे घ्यावे. आजोबांच्या काळात विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत, ते काम यंत्राने केले म्हणून ते बेकायदा ठरत नाही.

येथवर वाचून आमचे वडीलधारे सभासद म्हणतील, "मग हरकत कसली घेतलीत?" हरकत पुढे आहे. खंडपीठाने दोन गोष्टी खालच्या न्यायासनाकडे परत पाठवल्या होत्या : संचात घेतलेला मजकूर शिकवण्यासाठी खरोखर आवश्यक होता काय, आणि संपूर्ण पुस्तकाची प्रत काढणे चालेल काय. यांवर पुरावा व्हायचा होता. परंतु मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच काढून घेतला. म्हणजे प्रकरणांच्या बाबतीत शिक्षकाला भक्कम आधार मिळाला. संपूर्ण पुस्तकाचा प्रश्न मात्र त्या खटल्यात अनुत्तरित राहिला. शिवाय दिल्लीचा निकाल तेलंगणाच्या उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. तो मार्गदर्शक मात्र आहे. 'दिल्लीच्या कोर्टाने झेरॉक्सला मोकळीक दिली' असे जे आपण शिक्षकांच्या खोलीत ऐकतो, ते अर्धेच खरे.

उरलेले अर्धे मला कायद्यापेक्षा घरातून कळले. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणत असू, छत्ता बाजारात कातिब होते. त्या काळी उर्दू पुस्तकाचे प्रत्येक पान कातिबाच्या हातचे असे आणि त्यावरून छपाई होई. मजुरी पानाच्या हिशेबाने. एका जेराची किंवा जबराची चूक राहिली तर पान पुन्हा लिहीत. ते बघत मोठा झालेला मी, नोकरीच्या पहिल्या वर्षी निबंधाचे एक अख्खे पुस्तक वर्गासाठी झेरॉक्स करून मोकळा झालो, याची आजही लाज वाटते. केंब्रिजचा ग्रंथ जगभर विकला जातो. आपल्या मराठी व्याकरणाची आवृत्ती लहान असते. तिच्या चाळीस प्रती आम्ही बांधल्या, तर बहुधा तेवढाच आमच्या शहरातला तिचा सगळा खप आम्ही बुडवला.

पुस्तक विकत मिळतच नसेल, तर गोष्ट वेगळी. भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी काढता येतात. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना हे कलम फार उपयोगाचे आहे, पण 'हैदराबादेत मिळत नाही' म्हणजे 'भारतात मिळत नाही' नव्हे. ग्रंथकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे लोटली की त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांना मोकळे होते. साने गुरुजी १९५० साली गेले. 'श्यामची आई' २०११ पासून मोकळी आहे. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, तेव्हा 'ययाति'ला २०३६ संपेपर्यंत थांबावे लागेल. जुन्या ग्रंथाला नव्या संपादकाने लिहिलेल्या टीपा असतील तर त्या टीपा त्याच्या, हेही ध्यानात ठेवावे. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकण्याची जी चाल पडली आहे, तिला अध्यापनाचे कलम पुरेल असे मला वाटत नाही. ती प्रत एका दिवसात कोठल्या कोठे जाते.

व्याकरणाच्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते सांगतो. मी प्रकाशकांना साधे कार्ड लिहिले. आठ दिवसांत उत्तर आले : पंचवीस प्रती घेतल्यास तिसरा हिस्सा सूट, टपालखर्च आमचा. पुस्तकपेढीच्या निधीतून पंचवीस घेतल्या. चाळीस मुलांत त्या आळीपाळीने फिरतात, आणि समासाचे प्रकरण शिकवायचे असते त्या आठवड्यात त्याच्या झेरॉक्स प्रत्येकाच्या हाती असतात.