पाणंदीत बुजवलेला चर

पाणंदीत पाइपलाइनचा चर आडवा गेला आहे, हे मराठवाड्यातल्या त्या वस्तीवर प्रत्येकाला ठाऊक होते. ठेकेदाराला तर होतेच, कारण तो त्यानेच खणला आणि त्यानेच बुजवला होता. बाहेरून येणाऱ्याला कळावे म्हणून मात्र त्याने एक दगड किंवा बाभळीची एक फांदीसुद्धा तिथे ठेवली नव्हती.

प्रस्तुत लेखिकेची गाडी बैलगाड्यांच्या चाकोरीतून, दुसऱ्या गिअरमध्ये चालली होती. पुढची मोटारसायकल त्याच जागेवरून सहज गेली होती. परतीचा पाऊस थांबून ऊन पडले होते, वरची माती कोरडी आणि सपाट दिसत होती. एकाएकी डावे पुढचे चाक खाली गेले, इंजिनखालचा ऑइल चेंबर दगडावर आपटला आणि ऑइलचा लाल दिवा लागला. लेखिकेने तत्क्षणी इंजिन बंद केले म्हणून ते वाचले. ऑइल सांडल्यावर गाडी बाहेर काढायच्या घाईत पुन्हा स्टार्टर मारला असता, तर इंजिन जाम झाले असते.

ठेकेदार आला तो तावातावानेच. कोणाला लागले का, हे त्याने विचारले नाही. “मॅडम, ही काय मोटारीची वाट आहे का? बाईमाणसानं इकडं गाडी घालायचीच कशाला?” हे त्याचे पहिले शब्द. वाट मोटारीची नव्हती, तर शेजारच्या शेतात उभा असलेला त्याचा स्वतःचा पिकअप तिथवर कुठून आला होता, याचे उत्तर त्याने दिले नाही. ट्रॅक्टर बोलावून दिला, पण भाडे आधी हातावर ठेवायला लावले. चेंबरच्या खर्चाचे नाव काढताच त्याने मोबाइल कानाला लावला.

अशा चराचा धोका काळ्या मातीत सर्वांत जास्त. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. चर बुजवताना थर दाबून बसवले नाहीत, तर आत पोकळी राहते आणि आजूबाजूचे पाणी तिथेच मुरते. वर उन्हाने पापुद्रा धरतो, खाली राबडी तशीच राहते. मोटारसायकलचे वजन तो पापुद्रा पेलतो, मोटारीचे पेलत नाही. म्हणून दुचाकी गेली म्हणजे वाट भक्कम आहे, असे धरू नये.

चर ओळखण्याच्या खुणा चाकाखाली कमी आणि दोन्ही कडांना जास्त सापडतात. समोरासमोरचे बांध एका रेषेत फोडलेले दिसले, त्या रेषेत गवत उगवलेले नसले, काळ्या मातीत खालचा पिवळा मुरूम मिसळलेला दिसला, की उतरावे आणि काठी किंवा पहार रोवून पाहावी. ती सहज आत जात असेल, तर गाडी तिथूनच मागे घ्यावी.

गवतात दडलेली, कठडा नसलेली विहीर याहून भयंकर. 4 एप्रिल 2025 रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि 7 महिलांचा जीव गेला. रोज शेतात राबणाऱ्यांचीच अशी गत होते. तिथे नवख्याने अंधारात शेताच्या कडेने गाडी वळवू नये, मागे घेताना तर एकाला खाली उतरवल्याशिवाय नाहीच.

मोबाइलच्या नकाशाला वाट कळते, तिच्यावरचे पाणी कळत नाही. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात नकाशा पाहत रात्री निघालेली मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. धरण भरले की तो पूल बुडतो, हे स्थानिकांना माहीत होते. तेव्हा गावात थांबून विचारावे, आणि “रस्ता आहे का?” एवढेच विचारू नये. “आज या वाटेने चारचाकी गेली का? कुठे खोदलंय का? ओढ्याला पाणी किती?” असे नेमके विचारावे. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार तरंगू शकते; दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते.

बाकी टॉर्च, पिण्याचे पाणी, चार्ज केलेला फोन हे सोबत असावेच. कुठल्या वाटेने चाललो ते घरी सांगून ठेवावे. वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये, तापलेल्या सायलेन्सरने ते पेटते.

टोचन करताना दोर बंपरला किंवा सस्पेन्शनला बांधू देऊ नये. गाडीसोबत मिळालेला हुक त्याच्या जागी पुरता पिळून बसवावा आणि दोर त्यालाच अडकवावा. ट्रॅक्टरवाल्याने हिसका न देता हळूहळू ताण घ्यावा. बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभे करावे, कारण तुटलेला दोर किंवा निसटलेला हुक माणसाचा जीव घेऊ शकतो. त्या दिवशी ठेकेदाराची माणसे ताणलेल्या दोराला खेटून लेखिकेला स्टिअरिंग शिकवत होती. ही माणसे मागे सरकेपर्यंत लेखिकेने ट्रॅक्टर थांबवून धरला.