ऐकणारे कान



आजारी भाविकांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही एका घरी गेलो होतो. आजींनी धाकट्या मुलाचा विषय काढला. दोन वाक्ये झाली नाहीत, तोच आम्ही म्हणालो, "प्रार्थना करा आजी, सर्व ठीक होईल." आजी गप्प झाल्या. त्यांना पुढे काय सांगायचे होते, ते आम्हांला आजही ठाऊक नाही. (सल्ला देण्याची सवय आम्हां शिकवणाऱ्यांना जरा जास्तच!)

यरीहोच्या वाटेवर बार्तिमय ओरडत होता, तेव्हा लोक त्याला गप्प बसवीत होते. प्रभू येशू मात्र थांबला. हा माणूस आंधळा आहे, हे उघड दिसत होते. तरीही तुला काय हवे, असे प्रभूने त्याला विचारले आणि त्याला बोलू दिले (मार्क १०).

असे ऐकणारा एक धर्मगुरू आपल्या अगदी शेजारी राहून गेला. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ह्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक झाली व तळोजा मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्यांनी आरोप नाकारले होते. खटला चालण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरणे कठीण जाई. दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नसे.

आणि अशा माणसाने तुरुंगातून कळवले की, सर्वांत गरीब कैद्यांच्या जीवनकथा ऐकणे हाच येथील माझा आनंद आहे. त्यांच्या दुःखात आणि हास्यात मला देव दिसतो. आपल्यावर आरोप कोणता, हेही कित्येक कच्च्या कैद्यांना माहीत नाही, वकिलाच्या मदतीविना ते वर्षानुवर्षे आत आहेत, हे त्यांनी ऐकले आणि पत्रातून बाहेर पोहोचवले. त्यांपैकी कोणाची सुटका करणे त्यांच्या हाती नव्हते. सल्लाही फारसा देता आला नसावा. उलट सोबतचे कैदीच त्यांना भरवीत, अंघोळ घालीत, कपडे धुऊन देत.

त्या तुरुंगाच्या भिंतीवरून आपण कितीदा जातो! फाटकाबाहेर पिशवी घेऊन ताटकळणारी आई किंवा पत्नी आपल्याला दिसते. भारतातील ख्रिस्तसभा ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी कैद्यांसाठी प्रार्थना करते. त्या आईशी बोलायला मात्र ऑगस्टची वाट पाहण्याचे कारण नाही.

सुरुवात घरातच करू या. ह्या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीनंतर दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवावेत. रोज एकाने बोलावे, इतरांनी मध्ये तोंड घालू नये, सल्ला देऊ नये, "आमच्या वेळी" तर मुळीच काढू नये. पहिल्या दिवशी घरात जो सर्वांत कमी बोलतो, त्याची पाळी ठेवावी. तो काहीच बोलला नाही, तरी ती दहा मिनिटे त्याचीच.